कुशीवरून नाते वाचणाऱ्यांना उत्तर

नवरा-बायको रात्री कसे झोपतात यावरून त्यांचा संसार कसा चालला आहे हे ओळखता येते, हे मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. रविवारच्या पुरवण्या ते छापतात, मोबाइलवर त्याची चित्रे फिरतात. सोलापूरच्या नव्या पेठेत लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या मुली ती चित्रे एकमेकींना दाखवताना मी पाहिल्या आहेत. चित्रांखालचा मजकूर ठरलेला असतो. तोंडाला तोंड म्हणजे ओढ. एकाच्या पाठीला दुसऱ्याचे पोट म्हणजे आधार. पाठीला पाठ टेकलेली म्हणजे विश्वास, आणि त्याच दोन पाठींमध्ये वीतभर अंतर पडले की दुरावा. वेगळी खाट म्हणजे तर संसार संपल्यातच जमा. हे मत चुकीचे आहे असे माझे म्हणणे आहे. ते निरुपद्रवी असते तर मी लेखणी उचललीही नसती.

पण खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. तो असा: जागेपणी माणूस चेहरा सांभाळतो, शब्द निवडतो, पाहुण्यांसमोर जोडीदाराशी गोड बोलतो. झोपेत हा पहारा उठतो. मनाला जे बोलायचे नसते ते शरीर करून दाखवते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ सॅम्युअल डंकेल यांनी १९७७ साली झोपेतील शरीरस्थितींवर पुस्तक लिहिले, त्याचा गाभा हाच होता. रुग्णांकडून ऐकलेल्या हकिकतींच्या आधारे त्यांनी झोपेला शरीराची रात्रीची भाषा ठरवले. आज चित्रांसह फिरणाऱ्या अनेक याद्या या पुस्तकाच्या वंशातल्या वाटतात. पुढे २०१४ साली ब्रिटनमधील हर्टफर्डशायर विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी हजाराहून अधिक लोकांची पाहणी केली आणि या मताला आकड्यांचे बळ मिळाले. रात्री एकमेकांना स्पर्श करून झोपणाऱ्यांपैकी ९४ टक्के लोक आपल्या नात्यात समाधानी होते. स्पर्श न करता झोपणाऱ्यांत हे प्रमाण ६८ टक्के भरले. एवढा फरक दिसल्यावर सामान्य वाचकाने मान डोलावली तर त्याला दोष देता येत नाही.

आता उत्तरपक्ष. अनुमान तपासण्याची शिस्त आपल्याकडे फार जुनी आहे, आणि या मताला तीच लावून पाहावी. पाठशाळेत ‘तर्कसंग्रह’ हे न्यायशास्त्राचे प्राथमिक पुस्तक शिकणारा मुलगा पहिल्या काही दिवसांतच शिकतो की डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असे म्हणता येते, कारण अग्नीवाचून धूर कुठेच आढळत नाही. या न चुकणाऱ्या साहचर्याला व्याप्ती म्हणतात. व्याप्ती नसेल तर अनुमान उभे राहत नाही. तिथे धूर हा हेतू, म्हणजे खूण, आणि अग्नी हे साध्य; आपल्या प्रकरणात पाठ फिरवून झोपणे हा हेतू आहे आणि दुरावा हे साध्य. त्यांच्यात व्याप्ती आहे का, हे पाहायचे.

त्याच्याही आधीचा प्रश्न असा की, हेतू तरी जागेवर आहे का? ज्याला आपण ‘त्यांची झोपण्याची पद्धत’ म्हणतो अशी एक पद्धत असते का? नॉर्वेतील संशोधकांनी ६६४ माणसांच्या अंगावर हालचाल मोजणारी छोटी यंत्रे बांधून त्यांची घरातली नेहमीची झोप नोंदली. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. माणसे अंथरुणातल्या वेळापैकी सुमारे ५४ टक्के वेळ कुशीवर, ३८ टक्के उताणी आणि ७ टक्के पालथी होती, आणि तासाला सरासरी १.६ वेळा स्थिती बदलत होती. सात तासांच्या झोपेत हे अकराएक बदल होतात. मग कोणत्या बदलाला खरे बोलणारा म्हणायचे? अकरा वाजता बायकोकडे तोंड, एकला भिंतीकडे, तीनला उताणा, पाचला पुन्हा तिच्याकडे. या रात्रीचे वाचन करणारा त्यातला एक क्षण उचलतो आणि त्याला स्वभाव ठरवतो. शिवाय डंकेल यांच्या रुग्णांनी काय किंवा वाइजमन यांच्या पाहणीतल्या लोकांनी काय, सांगितले ते स्वतःला आठवले ते. झोपलेला माणूस स्वतःच्या झोपेचा साक्षीदार नसतो. तो फार तर दिवा मालवतानाची आणि डोळे उघडतानाची स्थिती सांगू शकतो, म्हणजे नेमकी जागेपणाच्या दोन टोकांची. पहारा उठल्यानंतरचे सत्य सांगतो असा ज्या मताचा दावा आहे, त्याचा सगळा पुरावा पहारा चालू असतानाचा निघतो. नैयायिक अशा हेतूला असिद्ध म्हणतील.

मनाला लपवायचे ते शरीर झोपेत बोलते, या कल्पनेलाही शरीरशास्त्राचा आधार नाही. स्वप्ने मुख्यतः ज्या रेम झोपेत पडतात, तिच्यात हातापायांचे स्नायू जवळजवळ लुळे झालेले असतात. कूस बदलते ती बहुतेक रेमच्या बाहेर, आणि त्यामागची कारणे खांद्यावर आलेला दाब, अवघडलेली मान, अडकलेला श्वास, साचलेली उष्णता अशी साधी असतात.

आता हेतू सिद्ध आहे असे घटकाभर धरू आणि वाइजमन यांचेच आकडे घेऊ. स्पर्श न करता झोपणाऱ्या १०० जणांपैकी ६८ जण समाधानी आहेत. म्हणजे अंतर ठेवून झोपलेल्या कोणाकडेही बोट दाखवून ‘यांच्यात दुरावा आहे’ असे म्हटले, तर शंभरातल्या ६८ वेळा ते विधान खोटे ठरणार. त्याच पाहणीत ४२ टक्के लोकांनी आपण पाठीला पाठ करून झोपतो असे सांगितले होते, आणि समोरासमोर झोपणारे भरले अवघे ४ टक्के. समोरासमोर झोपणे हीच ओढीची खूण असेल तर जगातल्या शंभर संसारांपैकी चारांतच ओढ उरते. हेतू सुखी घरीही आढळतो आणि दुःखी घरीही. सव्यभिचार हेतू म्हणतात तो हाच, आणि तो काहीही सिद्ध करत नाही. राहिला ९४ आणि ६८ मधला फरक. तो खरा असू शकतो. पण नव्या लग्नातली माणसे जास्त बिलगून झोपतात आणि नवेपणी समाधानही जास्त असते; वय वाढले की गुडघे दुखतात, झोप हलकी होते आणि अंथरुणात जागा लागते. या तिसऱ्या गोष्टींना बाजूला काढल्याशिवाय त्या फरकाचा अर्थ लावता येत नाही.

या तिसऱ्या गोष्टीसाठीही न्यायशास्त्रात नाव आहे. अग्नी आहे म्हणजे धूर असेलच असे नसते. सरपण ओले असेल तर धूर होतो. ओले सरपण ही तिथली उपाधी. झोपण्याच्या पद्धतीच्या मागे अशा उपाधी किती आहेत हे पाहायला सोलापूरपेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

पहिली उपाधी उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. नव्या पेठेत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा इमारती आहेत. त्यांच्या वरच्या मजल्यावरची भिंत मध्यरात्रीही हाताला गरम लागते. झोप लागायची तर शरीराच्या आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि ती उष्णता मुख्यतः हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. शेजारी ३७ अंशांचे दुसरे शरीर चिकटलेले असेल तर ती वाट बंद होते. म्हणून माणसे सरकतात, पाठ पंख्याकडे करतात, फरशीवर उतरतात, गच्चीवर जातात. गच्चीवर पूर्वीपासून पुरुष एका अंगाला आणि बायका-मुले दुसऱ्या अंगाला झोपत. कुशीवरून नाते ठरत असेल तर या शहरातले प्रत्येक लग्न अक्षय्य तृतीयेला मोडकळीस येते आणि संक्रांतीच्या थंडीत पुन्हा सांधते, असे मानावे लागेल. असा निष्कर्ष कोणीही मान्य करणार नाही, आणि जे गृहीत धरल्यावर तो निघतो ते गृहीतक टाकून द्यावे लागते.

दुसरी उपाधी जागा. २०११च्या जनगणनेत देशातल्या ३७.१ टक्के कुटुंबांकडे एकच खोली होती. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, लोक तिला पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. गिरण्या वाढल्या तशी गिरणी कामगारांची वस्ती वाढली आणि एका खोलीचा संसार ही इथली सर्वसाधारण रीत झाली. त्या खोलीत सासू-सासरे, दीर, मुले, कधी गावाहून आलेला भाचा. अशा घरात सून कोणत्या कुशीवर झोपते हे तिच्या मनावर नसते. सासऱ्यांची वाकळ कुठे पडली आहे यावर असते. त्यात पाळ्या. नवरा रात्रपाळीहून परततो तेव्हा बायको चूल पेटवत असते. गिरण्या बंद पडल्या, पण यंत्रमागावरच्या रात्रपाळ्या राहिल्या. आणि घरी विड्या वळणाऱ्या बाईचे दिवसभर वाकलेले खांदे रात्री ज्या बाजूला कमी ठणकतात त्या बाजूला ती वळते.

शहराबाहेर पडले की हेच आणखी स्पष्ट दिसते. शेतीची वीज रात्री येते तेव्हा शेतकरी रात्री दारे धरायला जातो. त्याचे अंथरूण आठवड्यातून कित्येक रात्री रिकामे असते. आणि या जिल्ह्यात ऊस तोडायला येणाऱ्या जोडप्यांकडे पाहा. नवरा-बायको मिळून त्यांचा एक कोयता मोजला जातो. दोघे पहाटे अंधारात फडात शिरतात. तो तोडतो, ती मोळी बांधते, दोघे मिळून गाडी भरतात आणि रात्री कोपीत पोरांच्या अल्याडपल्याड अंग टाकतात. दिवसभर एकमेकांच्या हाताला हात लावून काम करणारी याहून जवळची जोडी मला दाखवता येणार नाही. त्यांची कूस वाचायला जाणारा त्यांचा थकवा वाचेल, दुसरे काही नाही.

पांघरुणाचेही तसेच. सोलापुरी चादर देशभर गेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्याकडच्या किती घरांत प्रत्येकाची चादर वेगळी असते, हे सांगायला नको. दोघे आपापली चादर अंगाभोवती घेतात आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातही एका पलंगावर दोन वेगळी पांघरुणे घेण्याची रीत आहे. एकाच रजईखाली झोपणारे अमेरिकन जोडपे हा मानदंड धरला की आपण आणि ते उत्तर युरोपीय असे दोन्ही नापास होतो. तो मानदंड का धरायचा, याचे उत्तर त्या याद्या देत नाहीत.

मानदंड कसे बदलतात याचाही इतिहास आहे. ब्रिटिश अभ्यासक हिलरी हाइंड्स यांनी जोडपलंगांचा, म्हणजे नवरा-बायकोच्या शेजारी-शेजारी मांडलेल्या दोन स्वतंत्र पलंगांचा, सांस्कृतिक इतिहास लिहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या मध्यमवर्गात असे पलंग आरोग्याचे, आधुनिकतेचे आणि समजूतदार संसाराचे लक्षण मानले जात.  १९२१ साली लंडनमध्ये संततिनियमनाचा दवाखाना काढणाऱ्या मेरी स्टोप्स यांना मात्र हे दोन पलंग अजिबात सहन होत नसत, आणि त्यांनी त्यांच्याविरुद्ध कडाडून लिहिले. अर्ध्या-पाऊण शतकात एकच मांडणी निरोगी संसाराची खूणही झाली आणि बिघडल्या संसाराचीही. आपल्याकडे वास्तूवाले सांगतात की बायकोने नवऱ्याच्या डाव्या बाजूला झोपावे आणि डोके दक्षिणेला असावे. त्यांच्या हिशेबात कूस नाही, दिशा आहे. एकाच अंथरुणावरून दोन शास्त्रे दोन उलट निर्णय देतात आणि कोणता खरा हे ठरवायला दोघांकडेही तिसरा पुरावा नाही. सत्प्रतिपक्ष म्हणतात तो प्रकार हाच.

मग मांडणी काहीच सांगत नाही का? सांगते, पण दोघांच्या प्रेमाविषयी नव्हे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या लोकांना एक कोडे घातले. तो अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. आई-वडील, १५, ११ आणि ८ वर्षांचे मुलगे, १४ आणि ३ वर्षांच्या मुली असे सात जणांचे घर आहे. खोल्या इतक्या-इतक्या आहेत. कोणाला कुठे झोपवाल? शिकागोच्या लोकांनी नवरा-बायकोची स्वतंत्र खोली हे जवळजवळ पवित्र तत्त्व मानले. ओडिया लोकांनी ते खाली ठेवले. वयात आलेले मुलगा-मुलगी एका खोलीत नसावेत, लहान मूल एकटे नसावे, मुलीची काळजी घेतली जावी, वडीलधाऱ्यांचा मान राहावा, या गोष्टी त्यांच्या लेखी आधी आल्या. आपल्या मराठी घरांनाही हे कोडे घालून पाहावे. उत्तर भुवनेश्वरच्या जवळ जाईल याविषयी मला शंका नाही. कोण कुठे झोपते यातून त्या समाजाचा क्रम कळतो: कोणाला आधी सांभाळायचे. तिघांच्या अंथरुणात मूल मध्ये आले तर आई-वडील एकमेकांपासून दूर गेले नाहीत. दोघे एकाच गोष्टीच्या दोन बाजूंना आले.

याच जिल्ह्यात पंढरपूर आहे, आणि पूर्वपक्षी तिथले उदाहरण माझ्याविरुद्ध देऊ शकेल. विठ्ठल आणि रुक्मिणी एका गाभाऱ्यात शेजारी उभे नाहीत. रुक्मिणीचे मंदिर विठ्ठलाच्या मागे वेगळे आहे, आणि कथा सांगते की ती रुसून दिंडीरवनात निघून आली. म्हणजे अंतर पाहून रुसवा ओळखता येतो, असे तो म्हणेल. माझे उत्तर असे की अंतर पाहून कोणीच काही ओळखले नाही. रुसव्याची कथा परंपरेने आधी सांगितली, म्हणून अंतराला अर्थ आला. ज्याने कथा ऐकली नाही त्याला दोन गाभारे दिसतील आणि एवढेच दिसेल. आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंग काढतात आणि प्रक्षाळपूजेपर्यंत दर्शन रात्रंदिवस चालते. त्या दिवसांत देव झोपतच नाही. अंथरुणावरून नाते वाचणाऱ्याला त्या दिवसांविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही, आणि वारकऱ्याला मात्र विठाई-रखुमाईविषयी काही कळायचे राहिलेले नसते. घरातही तसेच आहे. कथा माहीत असलेल्या माणसालाच अंतराचा अर्थ कळतो, आणि कथा माहीत असली की अंतर पाहण्याची गरज पडत नाही.

हे मत निरुपद्रवी नाही असे मी सुरुवातीला सुचवले. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या अंगातून रात्री गरम वाफा निघतात. ती चादर उचलून पंख्याखाली फरशीवर जाते. ते तिच्या शरीराचे वय आहे. पण नवऱ्याने यादी वाचलेली असते, आणि सकाळी तिला खुलासा मागितला जातो. गर्भार बाईला डॉक्टर कुशीवर, शक्यतो डाव्या, झोपायला सांगतात; पित्त घशाशी येणाऱ्यालाही डाव्या कुशीने आराम पडतो. प्रोस्टेट वाढलेला म्हातारा दाराच्या बाजूला झोपतो, कारण त्याला रात्री तीनदा उठायचे असते आणि बायकोची झोप मोडायची नसते. या प्रत्येकाला आता संशयाला उत्तर द्यावे लागते, आणि तेही स्वतःच्या ताब्यात नसलेल्या वागण्याबद्दल. नव्याने लग्न झालेली मुलगी अंधारात नवऱ्याची पाठ पाहत जागी राहते, यात यादी लिहिणाऱ्याचे काही जात नाही. तिची मात्र झोप जाते.

आणि झोप जाण्याची किंमत मोजलेली आहे. अमेरिकेतील बर्कले इथल्या मानसशास्त्रज्ञ अ‍ॅमी गॉर्डन आणि सेरेना चेन यांनी जोडप्यांच्या रात्री आणि भांडणे यांची सांगड घालून २०१४ साली दाखवले की वाईट झोपेनंतर भांडणे वाढतात, आणि भांडताना समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखण्याची शक्तीही कमी होते. नात्याचा परिणाम झोपेवर होतोच, पण झोपेचा नात्यावरही होतो. एकाच दिशेने वाचणारी यादी यातला अर्धा भाग सोडून देते.

शेजारी झोपण्याला काही अर्थच नाही, असे मात्र मी म्हणत नाही. पँकहर्स्ट आणि हॉर्न या संशोधकांनी १९९४ साली जोडप्यांच्या झोपेतल्या हालचाली नोंदल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश हालचाली दोघांच्या एकाच वेळी झालेल्या आढळल्या. एक वळला की दुसराही वळतो. जोडीदार शेजारी असताना माणसे जास्त हलत होती, आणि तरी त्यांना तीच झोप बरी वाटत होती. जर्मनीतल्या कील इथे केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ तरुण जोडप्यांना प्रयोगशाळेत एकत्र आणि वेगवेगळे झोपवून पाहिले. एकत्र झोपल्यावर रेम झोप सुमारे १० टक्क्यांनी वाढली, कमी तुटली, आणि दोघांच्या झोपेचे टप्पे एकमेकांशी जुळू लागले. नाते जितके खोल तितके हे जुळणे जास्त. अभ्यास लहान आहे, जोडपी तरुण आहेत, त्यामुळे त्यावर मोठा इमला चढवू नये. पण त्याची दिशा महत्त्वाची आहे. झोपेत नात्याची खूण असेल तर ती इथे आहे, मेंदूच्या लयीत. डोळ्यांनी पाहून वाचता येणाऱ्या कुशीत नाही.

शेवटी आणखी एक हेत्वाभास, म्हणजे हेतूचा दोष, विरुद्ध नावाचा: हेतू साध्य सिद्ध करण्याऐवजी त्याच्या उलटच सिद्ध करतो. मोठ्याने घोरणारा नवरा उताणा झोपला की कित्येकदा त्याचा श्वास मध्येच थांबतो. शेजारी जागी असलेली बायको त्याला ढोसते, खांद्याला धरून कुशीवर वळवते, आणि त्याची पाठ तिच्याकडे होते. याद्यांमधले दुराव्याचे चित्र तंतोतंत तयार झालेले असते, आणि ते तिने स्वतःच्या हाताने केलेले असते, त्याला श्वास घेता यावा म्हणून. घोरण्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर विचारतात की झोपेत श्वास थांबतो का. याचे उत्तर रुग्णाला बहुधा देता येत नाही. म्हणून ते त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला आत बोलावतात.